सासूबाई ‘नाही’ म्हणाल्या

१३ जानेवारी, सोमवार

काल दुपारी स्वप्निल तलावात बुडाला. लिहून पाहिलं तर खरं वाटेल, असं वाटलं होतं. नाही वाटत.

ही डायरी त्यानंच आणली. खताच्या दुकानात नव्या वर्षाची फुकट मिळाली होती. म्हणाला, "तू हॉस्टेलमधी लिहायची म्हनते ना? घे, लिही. माज्याबद्दल चांगलं लिही." मी पहिल्या पानावर फक्त नाव टाकलं होतं: सौ. रीता.

टिंकू आणि तो डोंगा घेऊन बोदलकसाच्या तलावात मासे धरायला गेले होते. टिंकू शेजारचा, लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं सांगितलं ते असं : जाळं पाण्याखालच्या खुंटाला अडकलं, दोघं एकाच बाजूला वाकले, डोंगा उलटला. टिंकूच्या हाताला डोंग्याची कड लागली. स्वप्निल एकदा वर आला, "टिंक्या" म्हणाला, परत दिसला नाही. अंगात जाड जॅकेट होतं. मीच घाल म्हटलं होतं, वारा होता म्हणून.

सासूबाई टिंकूला म्हणाल्या, "त्याले पोहता येते. याच तलावात म्हशीसंगं पोहे तो. काऊन बुडन?"

टिंकूचे दात वाजत होते. मी त्याला चहा करून दिला. साखर किती घालायची ते विचारलं सुद्धा.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. आमच्याकडे कोणी आलं नाही.

जिल्ह्याहून शोधपथक आलं आहे. रबरी बोट, गळ, दोऱ्या. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, अख्खं गाव. मी, सासूबाई आणि बाबा, म्हणजे माझे सासरे बकाराम, सकाळपासून तिथेच बसतो.

पथकाच्या साहेबाला बाबांनी विचारलं, "आजून काऊन नाही भेटला?"

साहेब गोंदियाचा, अर्धं हिंदीत बोलला. "पानी ठंडा है ना बाबा. माणूस गेला की आधी तळाला जाते. मंग पोटात हवा तयार होते, शरीर फुगते, तवा वर येते. गर्मी में दो-तीन दिन. थंडीत हे काम सावकाश होते."

मला अजून विचारायचं होतं. फुगतो म्हणजे किती? सगळीकडून की नुसतं पोट? पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि घराकडे चालू लागल्या. मी मागे गेले. वाटेत म्हणाल्या, "तो लोकाइले कायबी सांगून राह्यला. पोट्टा जंगलाकडच्या काठाले लागला असन. तिकडे मोबाईल नाही लागत."

संध्याकाळी शेजारून कोणी तळलेले मासे आणून दिले, आम्ही चूल पेटवली नाही म्हणून. सासूबाईंनी ताट हातात सुद्धा घेतलं नाही. "या तलावाचे मासे आता माज्या घरी आनू नका," म्हणाल्या. पोरगा सुखरूप यावा म्हणून त्यांनी काही नवस बोलला असावा. मीही खाल्ले नाहीत. तसंही काही चव लागत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

शोध थांबवला. साहेब म्हणाला, वर आला की कळवा.

सासूबाईंचं आणि माझं आता दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलणं चालतं. त्या म्हणतात, येईन तवा उपाशी असन. मी मनात म्हणते, येईल तेव्हा फुगलेला असेल. दोघी एकाच दाराकडे पाहतो.

मला रडू येत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, भांडणं फार नव्हती, मला तो आवडायचा. बायका माझ्याकडे बघतात आणि एकमेकींकडे बघतात.

१९ जानेवारी, रविवार

त्याचे कपडे धुतले. दोन शर्ट, लुंगी, राइस मिलमध्ये घालायची खाकी पँट. कोंडा खिशांत जातो, म्हणून त्या पँटचे खिसे उलटे करून घासावे लागतात. घासले.

नंतर हात पाहिले. बोटांची टोकं पांढरी झाली होती, सुरकुतलेली. तासभराचं पाणी फक्त. मी आंगणात बसून ती परत सारखी होईपर्यंत पाहत राहिले. सासूबाईंनी आवाज दिला, "काय पाहून राह्यली वो?" मी काही नाही म्हटलं. त्या आल्या, माझे दोन्ही हात आपल्या पदरात घेऊन जोरजोरानं पुसले. दुखेपर्यंत. मग आत गेल्या.

२२ जानेवारी, बुधवार

कालचं आज लिहिते.

सकाळी गुराख्यानं पाहिलं, पलीकडच्या काठाला, बेशरमाच्या झुडपांत. पोलिसांचा फोन आला तेव्हा त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. बाबा, सासूबाई आणि मी ऑटोनं गेलो. टिंकू मागून मोटारसायकलनं आला, पण फाटकाच्या आत आला नाही.

खोली दवाखान्याच्या मागे आहे. वास लांबूनच यायला लागला. बाबा एका बाकावर बसले ते बसलेच. हवालदार म्हणाले, "ओळख पटवावी लागन. कोन येते?" मी गेले.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्याच वयाची. मला दारातच थांबवून म्हणाली, "चेहऱ्याकडे पाहू नका. चेहऱ्यावरून ओळख पटणार नाही."

"का?"

"पाण्यात शरीर बदलतं. रंग आधी हिरवट होतो, मग काळपट. आत वायू होतो, त्यानं ओठ, डोळे, पोट सगळं फुगतं. तुमचे मिस्टर बारीक होते का?"

"हो."

"मग आत्ता ते जाड वाटतील. ती हवा आहे. घाबरू नका."

मी घाबरले नव्हते. मी चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं सांगितलं तसंच होतं सगळं, म्हणून काही वाटलं नाही. धडा आधी वाचला असला की वर्गात होतं तसं. जीभ थोडी बाहेर होती. केस एका बाजूनं निघाले होते. उजव्या हाताची कातडी मनगटापासून सुटून मोज्यासारखी पुढे आली होती, नखांसकट. मला वाटलं, ती कोणीतरी परत नीट घालायला पाहिजे.

डॉक्टरनं जॅकेटची डावी बाही कापली, कापसानं दंडाखालचा भाग पुसला. म्हणाली, "इथं काही होतं का?"

तिथं नाव होतं. ‘सपनिल’.

तो चार-पाच वर्षांचा असताना प्रतापगडच्या जत्रेत गोंदून घेतलं होतं. गोंदणाऱ्यानं नाव विचारलं, सासूबाईंनी सांगितलं, त्या म्हणाल्या तसं त्यानं लिहिलं. त्या स्वतः शाळेत गेलेल्या नाहीत. चूक घरी आल्यावर बाबांना कळली. लग्नानंतर मी हसले, तेव्हापासून तो पूर्ण बाहीचेच शर्ट घालायचा. इतकं फिकं झालं होतं की मला त्याचा हात खिडकीशी धरून वाचावं लागायचं. आणि आता एकदम ठळक, काल गोंदल्यासारखं.

मी विचारलं, हे असं कसं? ती म्हणाली, "शाई खालच्या थरात असते. वरची कातडी सुटली की गोंदण उलट स्पष्ट दिसतं. कधी कधी तेवढंच उरतं ओळखायला."

मी म्हटलं, "हाच आहे."

हवालदार म्हणाले, आईनंही पाहिलं तर बरं. मी नको म्हणत होते. पण सासूबाई तोवर दाराशी आल्या होत्या. त्या आत आल्या आणि पायांकडे उभ्या राहिल्या. डॉक्टरनं हात दाखवला, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. तोंडाकडेही नाही. चादर एका पायावरून सरकली होती. त्यांनी ती खाली ओढली आणि टाचेखाली दाबली. दुसरा पाय झाकलेलाच होता, तिथंही दाबली. गरज काही नव्हती.

मग म्हणाल्या, "नाही. हा माजा पोरगा नाही होये."

"आजी, नीट पाहा."

"पाह्यलं ना! माजा पोरगा बारीक हाय. गोरा हाय. हा कोनाचा हाय त्याले द्या."

मी म्हटलं, "आई, हातावर नाव आहे त्याचं."

"मले वाचता नाही येत," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

हवालदारांनी बाकावर बसलेल्या बाबांना विचारलं. बाबा मान खाली घालून म्हणाले, "सून शिकलेली हाय. सून म्हनते ते लिहा."

मी सही केली. घरी नेता येण्यासारखं नव्हतं, तिथूनच गावाच्या नाल्यावर नेलं. बायका मातीला जात नाहीत, मी गेले. कोणी अडवलं नाही. माणसंही थोडीच होती. आईच नाही म्हणते तर जावं की नाही, असं गावाला झालं असेल. टिंकूनं लाकडं आणली. बाबांनी आग दिली. बराच वेळ नुसता धूर आणि वाफ येत होती. मग पेटलं.

घरी आले तर सासूबाई डोक्यावरून न्हालेल्या, केस ओले, आंगणात बसलेल्या. त्या खोलीचा वास अंगाला लागला असेल, म्हणून न्हाल्या असतील. चूल बंद होती. मला म्हणाल्या, "पानी तापवलं नाही. तसंच गार घे." इतक्या थंडीत. मी घेतलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

अस्थी वेचल्या. बाबा, टिंकू, मी. गाडग्यात भरून वर कापड बांधलं. घरात नेत नाहीत म्हणून घरामागच्या सांदवाडीतल्या आंब्याच्या फांदीला टांगलं. बाबा म्हणाले, उद्या नदीवर जाऊ. सासूबाई आतून म्हणाल्या, "दुसऱ्याचे हाडं कायले नेता? ज्याचे हायत तो येईन न्यायले." बाबा ऑटो सांगायला निघाले होते, त्यांनी चपला परत काढल्या. गाडगं तिथंच आहे.

सासूबाईंना काय झालंय ते कळत नाही. त्या म्हणतात पोरगा जिवंत आहे, पण पलंग सोडून खाली झोपतात. फोडणी देत नाहीत, तवा ठेवत नाहीत, नुसता भात शिजवतात आणि त्यातला घासभर खातात. तो परत यावा म्हणून उपास धरले असतील. मी विचारलं तर म्हणाल्या, "दात दुखून राह्यले."

२६ जानेवारी, रविवार

शाळेच्या लाउडस्पीकरवर सकाळपासून गाणी होती.

दुपारी चुलत सासू सुशिलाबाई चारपाच बायका घेऊन आल्या. म्हणाल्या, "रीताले हिरीवर नेतो. कुकू पुसाचं, बांगड्या फोडाच्या. आधीच उशीर झाला."

मी उठून उभी राहिले. करायचं असतं ते करायचं, असं वाटलं. हात पुढे करायलाही तयार होते.

सासूबाई विळा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. भाजी चिरत नव्हत्या, तरी विळा होता. "माजा पोरगा जिता हाय," म्हणाल्या. "जिता हाय तवरी तिच्या हाताले कोन हात लावते, पाहातो मी."

"वो शामकला, येडी झाली का? जाळून आले ना त्याले!"

"जाळला तो दुसऱ्याचा होता. निंगा."

बायका गेल्या. जाताना सुशिलाबाई मला म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला हिच्या, तू सांभाळून राह्य.

मला राग आला. सासूबाईंचाही, बायकांचाही. मला मेलेल्याची बायको होऊ देत नाहीत आणि जिवंताची मी नाही. बांगड्या तशाच आहेत. भांडी घासताना वाजतात.

२९ जानेवारी, बुधवार

माझा भाऊ हिमांशू सालेकशाहून आला. "चल घरी. इथं काय राह्यलं तुजं?" मी म्हटलं, पाहू. त्याच्यासाठी चहा केला. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता, बरं वाटलं. माझ्या नाकात अजून त्या खोलीचा वास आहे. भाताच्या पातेल्यातून येतो, उशीतून येतो.

तो गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुजी तारीख कवाची होती?" परवाही विचारलं होतं. मी सांगितलं, चारपाच दिवस वर झाले, दगदग झाली म्हणून असेल. रात्री त्यांनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासाठी वेगळी भाजी केली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. जड बादली उचलू देत नाहीत. वेड लागलेलं माणूस असं एकदम मायाळू होतं का, माहीत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी पाळी आली. सासूबाईंना सांगितलं, त्या सारखं विचारत होत्या म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं, उठल्या, सांदवाडीत गेल्या. मला वाटलं शेणी आणायला. बऱ्याच वेळानं पाहिलं तर आंब्याखाली बसल्या होत्या. गाडग्याकडे पाठ करून.

मी म्हटलं, आई, ऊन आलं, आत चला. म्हणाल्या, "तू जा. तुले बरं नाही, पडून राह्य."

मला तर काही झालेलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पहाटे उठले तर सासूबाई तयार होत्या. धुतलेलं लुगडं, पायात चपला. बाबांना म्हणाल्या, "टिंकूले आवाज द्या. ऑटो घेऊन ये म्हना. नदीवर जाऊ."

गाडगं बाबांनी काढलं, पण ऑटोत बसल्यावर सासूबाईंनी ते त्यांच्याकडून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. कापडाची गाठ धरून बसल्या. रस्ता खराब आहे, प्रत्येक खड्ड्याला त्या गाडगं उचलून धरत होत्या.

वैनगंगेला पाणी कमी होतं. वाळूतून बरंच आत जावं लागलं. बाबा आणि टिंकू काठाला थांबले. सासूबाई गुडघाभर पाण्यात गेल्या, मला हातानं बोलावलं. मी गेले. त्यांनी कापड सोडलं.

मी वेचताना नीट पाहिलं नव्हतं. पांढरी, कोरडी, हलकी, खडूच्या तुकड्यांसारखी. वास कसलाच नाही. काळं काही नाही, फुगलेलं काही नाही. सासूबाईंनी हात घालून एक तुकडा काढला, तळहातावर ठेवला, अंगठ्यानं राख पुसली. दुसरा काढला. मी पाहत होते. त्या सगळे तुकडे असे पुसतील असं वाटलं.

"बारीकच होता," त्या म्हणाल्या. "पाह्य. किती बारीक हाड हाय त्याचं."

मग म्हणाल्या, "हा माजा हाय."

माझे पाय गार पडले होते.

त्यांनी तुकडे एकेक करून पाण्यात सोडले. शेवटी राख राहिली, गाडगं तिरकं करून तीही सोडली. ती जरा वेळ पाण्यावर राहिली, मग गेली. गाडगं सोडलं. सासूबाई तिथंच उभ्या. पाण्याकडे बघतच म्हणाल्या,

"रीता, मी त्याच्या समोर उभी राहून नाही म्हनलं वो. माजा नाही होये म्हनलं. त्यानं आयकलं असन का?"

मला सगळं माहीत होतं. मेल्यावर काय होतं, कशानंतर काय होतं, डॉक्टरनं सांगितलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऐकणं तर पहिल्या मिनिटांतच गेलं असणार, तळाला, जाळ्याशेजारी, डोंगा वर तरंगत असताना. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं.

मी म्हटलं, "नाही आयकलं, आई. कानात पानी होतं त्याच्या."

त्यांनी मान हलवली. दोनदा. "हो," म्हणाल्या. "पानी होतं." मग खाली वाकून तोंडावर पाणी मारलं. त्यांचा हात माझ्या मनगटाला लागला, बांगड्यांवर. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, वाळू घसरू नये म्हणून असेल, आणि आम्ही बाहेर आलो. काठावर बाबांना म्हणाल्या, "हिच्या हाताचं हिले ठरवू द्या. सुशिलाले मी सांगतो."

ऑटोनं परत निघालो. अर्ध्या रस्त्यात टिंकूनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, बांधावर बसून रडायला लागला. सासूबाई उतरल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मीही उतरले. शेतात जवस फुललं होतं, निळं. मी टिंकूजवळ बसले. मग माझ्या तोंडातून एक आवाज आला, मला वाटलं खोकला आहे. खोकला नव्हता. थांबेना.

सासूबाई बाबांना म्हणाल्या, "घाई नोका करू. बसू द्या तिले."